पुनरुक्ती आणि विस्मृती : यंत्रजनित कथाखेळांच्या ग्रहणाचा इतिहास

साहित्याचा इतिहास हा केवळ निर्मितीचा नसून ग्रहणाचाही इतिहास असतो, ही भूमिका हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ साली कॉन्स्टान्झ विद्यापीठातील व्याख्यानात मांडली, तेव्हा त्याच्यासमोर प्रामुख्याने मुद्रित संहिता होती. वाचक बदलतो, अपेक्षांचे क्षितिज सरकते, आणि तरीही जिच्याविषयी मतभेद होतात ती कृती दोन्ही पक्षांच्या हाती एकच असते, असे या मांडणीत गृहीत धरलेले आहे. संगणकावरील अद्भुतरम्य भूमिकाखेळांच्या एका शाखेने हे गृहीतक अडचणीत आणले. या शाखेतील खेळांत कथा अथपासून इतिपर्यंत आधी लिहून ठेवलेली नसते. पात्रे, स्थळे, प्रसंग आणि त्यांचे परिणाम यांची जुळणी आज्ञावली खेळ चालू असताना करते. परिणामी दोन खेळाडू एकाच खेळाविषयी बोलत असले, तरी त्यांच्या वाट्याला आलेल्या कथा वेगळ्या असतात. अशा वेळी खेळाडूंचे अभिप्राय हे कृतीवरचे नुसते भाष्य राहत नाहीत. कृती म्हणून नेमके काय घडले, हे ठरविण्याचे ते जवळजवळ एकमेव साधन होऊन बसतात.

या अभिप्रायांची पूर्वपीठिका प्रयोगशाळेत सापडते. येल विद्यापीठात जेम्स मीहन याने १९७६ सालच्या आपल्या प्रबंधासाठी 'टेल-स्पिन' ही कथा रचणारी आज्ञावली तयार केली. इसापनीतीतल्यासारखे प्राणी, त्यांची भूक-तहान, त्यांची उद्दिष्टे आणि ती साधण्याच्या योजना, अशी तिची व्यवस्था होती. ही व्यवस्था सुरळीत चालली की निघणारी कथा बहुधा नीरस असे. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या फसलेल्या कथा. एकीत आज्ञावलीने गुरुत्वाकर्षणालाही पात्र मानल्यामुळे ते बिचारे नदीत पडून बुडते. मीहनने असल्या कथा दडवून ठेवल्या नाहीत, हे त्याचे श्रेय. पुढे नोआ वॉर्ड्रिप-फ्रुइन याने 'एक्स्प्रेसिव्ह प्रोसेसिंग' (२००९) या ग्रंथात या आज्ञावलीचेच नाव एका दोषाला दिले. आतली प्रक्रिया गुंतागुंतीची असूनही वाचकाला पृष्ठभागावर तिचा मागमूस लागू नये, असा तो दोष. म्हणजे यंत्राने काय केले आणि वाचकाला काय दिसले, यांतले अंतर हाच प्रारंभापासून कळीचा प्रश्न होता.

टार्न आणि झॅक ॲडम्स या बंधूंचा 'ड्वार्फ फोर्ट्रेस' २००६ साली लोकांपुढे आला आणि या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. काटेकोर अर्थाने त्याच्या मुख्य भागाला भूमिकाखेळ म्हणता येत नाही. खेळाडू बुटक्यांच्या एका वसाहतीचा कारभार पाहतो, तोही अप्रत्यक्षपणे. मात्र खेळ सुरू होण्यापूर्वी त्या जगाचा काही शतकांचा इतिहास आज्ञावलीने रचलेला असतो आणि वसाहतीतले बुटके भिंतींवर शिल्पे कोरतात, तेव्हा त्यांत त्या इतिहासातल्या घटना उमटतात. वसाहतीवर गुदरलेले प्रसंगही उमटतात. या जगाला स्मरणशक्ती आहे, आणि तीच पुढच्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची.

खेळाचे पहिले मोठे ग्रहण टीकालेखांतून नव्हे, तर कथनांतून झाले. २००६-०७ या काळात काही खेळाडूंनी 'बोटमर्डर्ड' नावाची एकच वसाहत आळीपाळीने चालवली. प्रत्येकाने खेळातले एक वर्ष सांभाळायचे, त्याचा वृत्तान्त लिहायचा आणि कारभार पुढच्याच्या स्वाधीन करायचा, असा रिवाज. पिसाळलेले हत्ती, कळ ओढताच बाहेर उसळणारा लाव्हा, शेवटी आग आणि वेड यांत झालेला विनाश. हा वृत्तान्त वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी खेळ कधी उघडूनही पाहिलेला नव्हता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली हा खेळ संग्रहात घेतला. पण संग्रहालयाच्या हाती आली ती आज्ञावली, 'बोटमर्डर्ड' नव्हे.

तेव्हा कथा नेमकी कोणाची? जेम्स रायन याने २०१८ सालच्या सांताक्रूझ येथील प्रबंधात याचे उत्तर असे दिले की, अशा सृष्टीत घटनांचा ढीग तयार होतो आणि कथा त्या ढिगातून निवडावी लागते. निवडणारा माणूस असेल अथवा दुसरी आज्ञावली असेल, पण निवडीवाचून कथा नाही. जेसन ग्रिनब्लॅट आणि ब्रायन बकल्यू यांचा 'केव्ह्ज ऑफ कड' या खेळातील प्रयोग याहून धीट आहे. तेथील प्राचीन सुलतानांची चरित्रे रचताना आज्ञावली आधी घटना निवडते आणि कारण मागाहून जोडते. २०१७ सालच्या निबंधात या दोघांनी ही रीत उघडपणे मांडली. कार्यकारणभाव शोधण्याची मानवी खोड इतकी बळकट आहे की, पुरेशा खुणा मिळाल्या तर उरलेला दुवा वाचक स्वतःच सांधतो, हा तिच्यामागचा विश्वास.

या पार्श्वभूमीवर 'वाइल्डरमिथ' या खेळाविषयीचे अभिप्राय बारकाईने पाहण्याजोगे आहेत. वर्ल्डवॉकर गेम्स या छोट्या संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये तो अपूर्णावस्थेत खुला केला आणि जून २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रकाशित केला. चित्रकथेच्या चौकटींतून त्याचे कथन चालते. यातले प्रसंग माणसांनी लिहिलेले आहेत. त्या प्रसंगात कोण कोणती भूमिका घेणार, हे मात्र आज्ञावली ठरवते. कोणी तापट, कोणी भित्रा, कोणी ग्रंथवेडा, कोणी कवी. कोणाची मैत्री, कोणाची स्पर्धा, कोणाचे प्रेम. या स्वभावांप्रमाणे आणि नात्यांप्रमाणे संवाद बदलतात. नायक म्हातारे होतात, त्यांना मुले होतात, ती मुले पुढे हाती शस्त्र घेतात. लढाईत एखादा कोसळला तर खेळाडूपुढे निवड येते: वीरमरण, की हात वा पाय गमावून जगणे. ज्याचा पाय गेला तो पुढेही लंगडतच राहतो. कोणाला लांडग्याचे डोके येते, कोणाला कावळ्याचे पंख, आणि तेही राहते.

प्रशंसेच्या अभिप्रायांत खेळाडू बहुधा कथानकाविषयी बोलतच नाहीत. ते नावे घेतात. अमुक धनुर्धारी, तिने वैऱ्याशी केलेला समेट, तिचा गेलेला हात, तिची मुलगी. तक्रारीचा सूरही तितकाच एकमुखी आहे. तीन-चार आख्याने खेळून झाली की तेच प्रसंग पुन्हा येतात. एकदा ज्या नायिकेने दैवी अग्नीचा स्वीकार केला, तिच्या जागी आता कोणी तिऱ्हाईत उभा असतो आणि जवळजवळ तेच बोलतो. या निराशेचे वैशिष्ट्य असे की ती मागे जाऊन पहिला अनुभवही बिघडवते. स्वतःला आलेल्या प्रेमपत्राची प्रत शेजाऱ्याच्या टेबलावर दिसावी, तसे काहीसे होते.

पुनरुक्ती हा स्वतः दोष नव्हे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आटपाट नगरापासून सुरू होणाऱ्या कहाणीत पुढे काय येणार हे श्रोत्याला ठाऊक असते, किंबहुना ते तसेच यावे अशी त्याची अपेक्षा असते. पण कहाणीने 'ही तुझ्या एकट्यासाठी घडली' असे वचन कधी दिलेले नसते. ते वचन यंत्रजनित कथेत अनुस्यूत आहे. केट कॉम्प्टन हिने २०१६ साली दलियाच्या दहा हजार वाट्यांचा जो दृष्टान्त दिला, तो या ठिकाणी लागू पडतो. प्रत्येक वाटीतले कण गणिती दृष्टीने निराळे, खाणाऱ्याला मात्र सारा दलिया सारखाच.

तरीही हा दृष्टान्त अपुरा आहे, कारण याच खेळात दुसरी एक पुनरुक्ती आहे आणि तिच्याबद्दल खेळाडू कुरकुरत नाहीत. आख्यान संपल्यावर निवडक नायक वारशात जमा होतात; पुढच्या आख्यानात त्याच नावाची, त्याच चेहऱ्याची व्यक्ती पुन्हा तरुण होऊन येते. ही सोय अनेकांना खेळाचा प्राण वाटते. म्हणजे व्यक्ती परत आली तर तिला परंपरेचे मोल मिळते. प्रसंग परत आला तर तो साचा ठरतो. व्लादिमीर प्रॉप याने १९२८ साली रशियन अद्भुतकथांविषयी नेमके याच्या उलट सांगितले होते: पात्रे बदलतात, त्यांची कार्ये तीच राहतात. 'वाइल्डरमिथ'चा खेळाडू चौथ्या आख्यानात प्रॉपचा सिद्धान्त न वाचताच शोधून काढतो, आणि त्याचा हिरमोड होतो. त्याला हवे असते ते पात्र कायम आणि कार्य नवे. कादंबरीने घडविलेली ही अपेक्षा लोककथेच्या बांधणीवर लादली जात आहे, असे म्हणणे फारसे चुकीचे ठरणार नाही.

या मागणीचा अर्धा भाग पुरविणारा खेळ त्याच सुमारास आलेला होता. निक वॉल्टन याचा 'एआय डन्जन' डिसेंबर २०१९ मध्ये जीपीटी-२ या भाषाप्रतिमानाच्या मोठ्या आवृत्तीवर उभा राहून लोकप्रिय झाला. येथे प्रसंगांचा साठाच नाही. खेळाडूने काहीही लिहावे, पुढचा मजकूर तत्काळ तयार. 'तेच ते' ही तक्रार मागे पडली आणि तिच्या जागी 'हे विसरते' ही तक्रार आली. मेलेला सरदार पुढच्या परिच्छेदात गप्पा मारतो, भावाचा शत्रू होतो, गुहेचे गाव होते. त्या प्रतिमानाच्या दृष्टिक्षेपात एका वेळी जेमतेम हजारभर शब्दखंड मावत. त्यापलीकडचे सारे त्याच्यापुरते घडलेलेच नसे. लक्षात ठेवण्याच्या बाबी लिहून ठेवण्यासाठी खेळाडूंना एक जागा देण्यात आली. नायक म्हणून आलेला खेळाडू अशा रीतीने कथेचा दप्तरदार झाला. नंतरच्या प्रतिमानांची स्मरणकक्षा पुष्कळ विस्तारली आहे. परंतु मजकूर आठवणे वेगळे आणि गेलेला पाय प्रत्येक लढाईत गेलेलाच असणे वेगळे. पहिल्यात खेळाडूने नुसते लिहून टाकले की पाय परत येतो.

समीक्षेने या दोन तक्रारींना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. पुनरुक्तीची तक्रार करणारा खेळाडू बहुधा दीर्घकाळ खेळलेला असतो. त्याने कृतीचे व्याकरण ओळखलेले असते. विस्मृतीची तक्रार तासाभरातच येते आणि तिच्यातून व्याकरण नव्हे, तर कृती हाती लागलीच नसल्याची जाणीव व्यक्त होते. 'ड्वार्फ फोर्ट्रेस'च्या बाबतीत एक जुने उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. २०१५ अखेरच्या आवृत्तीत पानगृहांची भर पडल्यावर मांजरे ओकून मरू लागली, असे खेळाडूंनी कळविले. शोध घेता आढळले की सांडलेली दारू मांजरांच्या पंजांना लागत होती आणि अंग चाटताना ती त्यांच्या पोटात जात होती. चूक मात्रेच्या हिशेबात होती. कार्यकारणाची साखळी मात्र पूर्णतः शाबूत होती. येथे अभिप्रायाने कृतीत शिरून तिचे कारण खणून काढले, आणि ते तेथे खरोखरच होते.

'वाइल्डरमिथ'च्या निर्मात्यांनी प्रसंग लिहिण्याची साधने खेळाडूंना खुली केली आणि अनेकांनी स्वतःचे प्रसंग लिहून इतरांसाठी उपलब्ध केले. पुनरुक्तीची तक्रार करणाऱ्यापुढे त्यामुळे लेखकाचे काम आले. बोलणारा भित्रा असेल तर काय म्हणेल, तापट असेल तर काय, कवी असेल तर काय, ही सर्व वाक्ये त्याला लिहावी लागतात. ती कोणाच्या तोंडी जातील, हे मात्र लिहिताना त्याला कळू शकत नाही.