बोडक्या मानेची गोष्ट

सावनेरच्या भागात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. धापा टाकणे आणि उघड्या त्वचेतून उष्णता सोडणे, एवढेच तिच्या हाती. मुले जिला हसतात ती बोडक्या मानेची कोंबडी अशा वेळी फायद्यात राहते.

1902 साली बेटसनने कोंबड्यांच्या तुऱ्यावरून दाखवले की मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात. पुढे बोडकी मानही एकाच जनुकामुळे येते हे कळले. त्याची एक प्रत असेल तर मानेवर पुढच्या बाजूस पिसांचा झुपका उरतो. दोन असतील तर मान जवळजवळ पूर्ण उघडी. अंगावरची पिसेही कमी होतात.

इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने (स्थापना 1979) हेच जनुक वापरून परसातल्या पालनासाठी ‘हितकारी’ कोंबडी तयार केली. 2011 मध्ये एडिंबरोच्या रॉस्लिन संस्थेतील डेनिस हेडन व सहकाऱ्यांना कारण सापडले: डीएनएचा एक मोठा तुकडा भलत्या जागी घुसल्याने बीएमपी-12 हे प्रथिन जास्त बनते आणि मानेवर पिसे रुजत नाहीत.

झुपकेवाला कोंबडा साध्या कोंबड्यांत सोडला तर सुमारे निम्मी पिल्ले बोडक्या मानेची निघतात. बिनझुपक्याचा सोडला तर? विद्यार्थ्यांना आधी कागदावर उत्तर मांडू द्या. (जुना कोंबडा तीन आठवडे आधीच वेगळा ठेवावा.) अंडी उबवायला ठेवल्यावर 21 दिवसांनी पडताळा खुराड्यातच मिळेल.