द्विदली झडपेवरील शस्त्रक्रिया
संधिज्वरामुळे अरुंद झालेली हृदयाची झडप मोकळी करण्याचे किंवा बदलण्याचे उपचार. मालागोलाणूंमुळे घशाला संसर्ग झाल्यानंतर काही मुलांना, विशेषतः ५ ते १५ वर्षे वयात, संधिज्वर होतो. सांध्यांची सूज ओसरते. परंतु डावे अलिंद (वरचा कप्पा) व डावे निलय (खालचा कप्पा) यांमधील द्विदली झडपेची दले कालांतराने जाड होऊन कडांना परस्परांस चिकटतात. त्यामुळे रक्त फुप्फुसांत तुंबते व रुग्णास धाप लागते.

हे द्वार शस्त्राने रुंद करता येईल, अशी सूचना लॉडर ब्रंटन यांनी १९०२ मध्ये लंडन येथे केली. तिच्यावर टीकाच अधिक झाली. झडपेपेक्षा हृत्स्नायूची स्थिती महत्त्वाची, हे जेम्स मॅकेंझी यांचे मत पुढे प्रभावी ठरले. १९२३ मध्ये बॉस्टन येथे इलियट कटलर यांनी एका मुलीची झडप छेदली. ती सुमारे साडेचार वर्षे जगली. नंतर त्यांनी झडपेचा तुकडाच कापून काढण्याची पद्धत अवलंबिली. तीत रक्त उलट वाहू लागे व रुग्ण दगावत. १९२५ मध्ये लंडन येथे हेन्री सूटार यांनी अलिंदाच्या उपांगातून बोट आत घालून झडप मोकळी केली. रुग्ण तरुणी बरी झाली. तथापि वैद्यांनी त्यांच्याकडे दुसरा रुग्ण पाठविला नाही. सापडलेला मार्ग अशा रीतीने २३ वर्षे बंद राहिला. यास हस्तकौशल्याच्या अभावापेक्षा रोगाविषयीची रूढ समजूत अधिक कारणीभूत होती.

चार्ल्स बेली यांचे पहिले चार रुग्ण दगावले. पाचव्या रुग्णाच्या बाबतीत जून १९४८ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांना यश आले. त्याच वर्षी बॉस्टन येथे ड्वाइट हार्किन व लंडन येथे रसेल ब्रॉक हेही यशस्वी झाले. चिकटलेल्या कडा विलग करणे, हेच या पद्धतीचे मर्म होते. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृद्‌-फुप्फुस यंत्राचा यशस्वी उपयोग केल्यावर हृदय उघडून झडप पाहणे शक्य झाले. १९६० मध्ये ॲल्बर्ट स्टार व अभियंता लोएल एडवर्ड्‌स यांची पिंजऱ्यात गोळी असलेली कृत्रिम झडप वापरात आली. अशा यांत्रिक झडपेनंतर रक्त साखळू न देणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. भारतात तिरुवनंतपुरम्‌ येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविण्यात आली. जपानमधील कांजी इनोऊए यांनी १९८० नंतरच्या दशकात नीलेतून फुगा नेऊन, छाती न उघडता झडप रुंदावण्याची पद्धत प्रचारात आणली.

या उपचारांनी झडपेचा अडथळा दूर होतो. संधिज्वर टळत नाही. घशाच्या संसर्गावर वेळीच पेनिसिलीन देणे आणि एकदा ज्वर येऊन गेलेल्या मुलास ते दर ३–४ आठवड्यांनी अनेक वर्षे टोचत राहणे, हाच हृदय वाचविण्याचा अधिक सोपा उपाय होय.