गिरमिट ते पीआर : दलालाचं लायसन्स

चाकण किंवा चिंचवडला मान वर करून बोर्ड वाचलेत कधी? 'गल्फ जॉब्स', 'कॅनडा पीआर', 'स्टुडंट व्हिसा'... बोर्ड सारखेच दिसतात. कायद्याच्या नजरेत मात्र ही दोन वेगळी जगं आहेत, आणि त्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात मॉरिशसपासून. 1834 पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर जाऊ लागले. 1837 च्या कायद्याने मजूर आणि एजंट दोघांनीही कराराचा कागद घेऊन सरकारी अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं ठरलं. फसवणूक थांबली नाहीच. 1839 मध्ये सगळी भरती बंद, आणि 1842 मध्ये कलकत्ता, मद्राससोबत आपली मुंबईही मॉरिशससाठी खुली! मॉरिशसमधले मराठी लोक म्हणजे त्याच जहाजांवरून गेलेल्यांचे वंशज.

पुढे 1922 चा कायदा आला. तो मजुरांचा काळ डोळ्यासमोर ठेवून केलेला. 1970 च्या दशकात आखाती तेलाचा पैसा वाहू लागला, वेल्डर, फिटर, ड्रायव्हर निघाले आणि हा जुना सदरा तोकडा पडला. मग 1983 चा उत्प्रवासन कायदा: भरती एजंटला नोंदणी हवी, सरकारकडे तारण ठेवायला हवं, फीला मर्यादा. चांगलं आहे की!

पण व्याख्या वाचा (आमच्या धंद्यातली सवय, आधी स्पेसिफिकेशन!). 'काम' म्हणजे काय? घरकाम, हॉटेलातली नोकरी, ड्रायव्हर, मेकॅनिक, तंत्रज्ञ, टायपिस्ट, नर्स. मूळ यादीत इंजिनिअरचं नाव नाही. पीआरचा फॉर्म भरून देणं ही तर 'नोकरीसाठी भरती'च नव्हे. म्हणजे वेल्डरच्या एजंटला नोंदणी, आणि तुमची-आमची फी घेणारा कन्सल्टंट मोकळा! शिकलेल्याला कोण फसवणार, असा काहीसा समज असावा. मला तो भाबडा वाटतो.

पंजाबने 2012 मध्ये वेगळा राज्य कायदा करून ट्रॅव्हल एजंट, व्हिसा सल्लागार यांना परवान्याखाली आणलं. तिकडे ऑस्ट्रेलियात 1992 पासून मायग्रेशन एजंटची नोंदणी आहे. कॅनडात पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर वकील हवा, नाहीतर 2021 मध्ये सुरू झालेल्या कॉलेजचा परवानाधारक. कन्सल्टंट पुण्यात बसला तरी नियम तोच, आणि परवानाधारकांची यादी नेटवर कुणालाही पाहता येते. नाव टाकायला दोन मिनिटं लागतात.

असो. 1983 च्या कायद्यात बेकायदा भरतीला शिक्षा ठेवली होती: दोन वर्षांपर्यंत कैद आणि 2000 रुपयांपर्यंत दंड.