जुनी पर्स कोण नेणार? बोहारीण, युनियन आणि सोसायटीचं गेट

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो. "जुन्या पर्स आणि हँडबॅगा आहेत पाच-सहा, काय करू?" खाली उत्तरं येतात. कामवाल्या मावशींना द्या, आश्रमात द्या, सुक्या कचऱ्यात टाका. तीस वर्षांपूर्वी जे उत्तर सगळ्यात आधी आलं असतं, ते मात्र आता कुणी देत नाही. बोहारणीला द्या! देणार कसं? तिला आपण गेटच्या आत घेतच नाही.

तर आज थोडा या बोहारणीचा इतिहास. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आपल्याकडे जुनी वस्तू घराबाहेर जायची तीच मुळात फार उशिरा. लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, त्यानंतर फडकं आणि शेवटी पोतेरं. पर्स नावाची वस्तूच बायकांकडे नव्हती. पैसे पदराच्या गाठीला नाहीतर बटव्यात, पुरुषांचे कनवटीला किंवा कमरेच्या कशात, पानसुपारी चंचीत, प्रवासाला पडशी. सगळं कापडाचं. उसवलं तर घरीच टाके घालायचे. चामड्याचं काही असलंच तर ते चांभाराकडे जायचं. (चामड्याचं काम ज्यांच्यावर जातीने लादलं त्यांच्या वाट्याला काय आलं, तो वेगळा आणि कडू इतिहास आहे. त्यावर स्वतंत्र पोस्ट लिहावी लागेल.)

मग शहरं वाढली, नोकरदार घरांत कपडे जास्त झाले आणि दुपारच्या वेळी डोक्यावर भांड्यांची पाटी घेतलेली बाई दारात दिसू लागली. "भांडीएऽऽ" ही आरोळी ऐकलेले निम्मे वाचक इथे असतील. या बायका बहुतेक गुजरातकडच्या वाघरी समाजाच्या. हा समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो. आपल्या आया-आज्यांना वाटायचं, जुन्या पँटी देऊन आपण स्टीलचं पातेलं मिळवलं. घासाघीस तर अशी चालायची की दोन पँटी आणि एका साडीवर डबा ठरायचा आणि शेवटी डब्याच्या झाकणावरून सौदा अडायचा.

पण तो व्यवहार तिच्या बाजूने बघा. पँट उजेडाकडे धरून ती बैठकीचा भाग विरलाय का ते बघायची, कॉलर उलटी करायची, साडीचा काठ बोटांनी चाचपायची, कारण खऱ्या जरीत चांदी असते. घरी नेल्यावर निवड, धुणं, रफू, बटणं, इस्त्री. मग पहाटेच्या बाजारात विक्री. दिल्लीत रघुबीर नगरचा बाजार आजही यासाठी प्रसिद्ध आहे. ज्याला गिऱ्हाईक नाही ते चिंधीवाल्याकडे, तिथून गॅरेजमध्ये आणि छापखान्यात मशिनं पुसायला. लोकरीच्या चिंध्या पानिपतला जाऊन त्यांचा पुन्हा धागा होतो आणि त्या धाग्याची स्वस्त ब्लँकेटं. भूकंपात, पुरात मदत म्हणून वाटली जातात ती बरीचशी हीच. 'रिसायकलिंग' हा शब्द आपल्या तोंडी यायच्या कितीतरी आधी हे सगळं चालू होतं, आणि ते चालवायला सरकारचा एक रुपया लागला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ती अहमदाबादची आहे. १९६० पर्यंत आपण एकाच राज्यात होतो, त्यामुळे फार परकी नाही.

१९७१ साली तिथल्या कापडबाजारात डोक्यावरून गाठी वाहणाऱ्या बायका इला भट्ट यांच्याकडे गेल्या. इलाबेन तेव्हा मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या युनियनच्या महिला विभागाचं काम बघायच्या. तक्रार अशी की व्यापारी खेपेवर पैसे देतात, वजन आणि अंतर बघत नाहीत, हिशेबात फसवतात. इलाबेननी वर्तमानपत्रात लेख लिहिला. व्यापारी चिडले आणि त्यांनीही छापून आणलं की आम्ही तर व्यवस्थित पैसे देतो, हे बघा दर. इलाबेननी काय करावं? व्यापाऱ्यांचे तेच दर कार्डांवर छापले आणि बायकांच्या हातात दिले. दाखवा आणि मागा! मला आपल्या कामगार चळवळीतली ही सगळ्यात हुशार चाल वाटते.

ही बातमी फिरली आणि दुसरा गट पुढे आला तो जुने कपडे विकणाऱ्या बायकांचा. म्हणजे आपल्या बोहारणींचाच. त्यांच्या सभेला शंभराहून जास्त बायका जमल्या. एका बागेत सभा, आणि गर्दीतलीच एक बाई म्हणाली की आपली स्वतःची संघटना का नको? त्यातून डिसेंबर १९७१ मध्ये 'सेवा' जन्माला आली. नोंदणीला गेल्यावर कामगार खात्याने विचारलं, तुमचा मालक कोण? मालक नाही तर युनियन कसली? यांचं उत्तर होतं की युनियन मालकाविरुद्धच असावी असं कुठे आहे, ती कामगारांच्या एकजुटीसाठी असते. एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. आज जगभर असंघटित महिलांच्या संघटनांचा विषय निघाला की सेवाचं नाव येतं. त्या इमारतीच्या पायात जुन्या कपड्यांचं गाठोडं आहे, हे किती जणांना माहीत असतं?

आपल्याकडे याच वाटेने पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. करार टिकवायला दर थोड्या वर्षांनी भांडावं लागतं, ते सोडा. निदान त्यांना ओळखपत्र आहे, गणवेश आहे, गेट उघडतं. बोहारणीला यातलं काहीच मिळालं नाही. ती कचरावेचक नाही आणि ठेलेवाली पण नाही, त्यामुळे कुठल्याच रजिस्टरात बसत नाही.

खरं तर बसायला हवी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या व्याख्येत फिरती विक्री करणारेही येतात. पण सर्वेक्षण होतं ते फूटपाथवर बसलेल्यांचं. डोक्यावर पाटी घेऊन गल्लीबोळ फिरणारी बाई त्या दिवशी त्या नाक्यावर नसतेच.

आता पर्सकडे येऊ. कापडी आणि अस्सल चामड्याच्या बॅगेला अजून वाली आहे. चेन बदलून, पट्टा शिवून ती पुन्हा विकली जाते. अडतं ते आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो तिथे. रेक्झिन हे मूळचं मँचेस्टरजवळच्या हाइड गावच्या कंपनीचं नाव, कापडावर रसायनाचा थर दिलेलं नकली चामडं. आता त्या जागी पीव्हीसी किंवा पीयू असतं. पीयूचा थर दमट हवेत आपोआप सुटतो. म्हणून कपाटात 'चांगली' म्हणून जपून ठेवलेली पर्स चार पावसाळ्यांनी पापुद्रे टाकत बाहेर येते. तिला बोहारीण घेत नाही, भंगारवालाही घेत नाही, कारण कापड आणि प्लॅस्टिक वेगळं करणं परवडत नाही. बंबात घालू नका, पीव्हीसी जळताना विषारी वायू निघतात.

म्हणजे करायचं काय? वापरत नसाल ती बॅग आजच काढा, पापुद्रे सुटायच्या आधी. तिची किंमत आत्ता आहे, पुढच्या दिवाळीत नसेल. चेन बिघडली असेल तर नाक्यावरच्या चेनवाल्याकडे न्या. कप्पे रिकामे करा, आधार कार्डाच्या झेरॉक्सपासून सुट्ट्या पैशांपर्यंत काहीही निघतं. मावशींना द्यायची तर आधी विचारा, हवी का म्हणून. तुटक्या पट्ट्याची पर्स देऊन पुण्य लागत नाही. पुण्यात असाल तर 'स्वच्छ'वाल्या ताईंना विचारा, जुन्या वस्तू गोळा करायची त्यांची मोहीम असते.

आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना एक सांगणं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांना सांगितलं की वापरण्याजोगा माल अधिकृत वेचकांना किंवा रिसायकलिंगवाल्यांना द्या. त्याच धर्तीवर महिन्यातला एक रविवार ठरवा. वॉचमनकडे नाव लिहून बोहारणीला क्लब हाऊसजवळ दोन तास बसू द्या. डिलिव्हरीवाल्या मुलांना आपण दिवसातून वीस वेळा सोडतोच की. आपल्या वॉर्डात पथविक्रेत्यांचं पुढचं सर्वेक्षण होईल तेव्हा फिरत्या बायकांची नावं त्यात घ्यावीत, असा अर्ज मी वॉर्ड ऑफिसला देतोय. सही करायची असेल त्यांनी खाली नाव आणि सोसायटी लिहा. तुमच्या भागात अजून कुणी भांडीवाली येत असेल तर कुठल्या वारी, किती वाजता येते, तेही लिहा. अर्जाला ती यादी जोडायची आहे.