रॉकेलची रांग : १९७३चा तेलधक्का आणि मुंबईतलं स्वयंपाकघर

मागच्या वेळी आपण ऑक्टोबर १९७३च्या अरब-इस्रायल युद्धापाशी थांबलो होतो. पिंपामागे साधारण ३ डॉलरला मिळणारं कच्चं तेल जानेवारी १९७४मध्ये १२ डॉलरच्या घरात गेलं, इथपर्यंत आलो होतो. आज त्या पिंपावरून खाली बाटलीपर्यंत यायचंय. रॉकेलच्या बाटलीपर्यंत.

तेलधक्का म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पेट्रोल पंप येतो. आपल्याकडचं गाजलेलं चित्रही वाहनांचंच आहे. नोव्हेंबर १९७३मध्ये इंदिराबाई घोडागाडीतून निघाल्या आणि अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेवर आले. छायाचित्र म्हणून उत्तम! पण त्या काळी किती घरांत गाडी होती? गिरणगावातल्या चाळीचा पेट्रोलशी रोजचा संबंध नव्हता. तिचा संबंध स्टोव्हशी होता. सिलिंडरचा गॅस मुंबईत पन्नासच्या दशकातच आला होता, पण तो थोड्या घरांत. बाकी घरं वातीच्या किंवा पंपाच्या स्टोव्हवर जगत. खेड्यात तर चूल लाकडाची आणि रॉकेल कंदिलाला, चिमणीला. तिथं रॉकेल संपलं की संध्याकाळच संपली.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी दोन तृतीयांशाच्या आसपास तेल बाहेरून येई. परकीय चलन तुटपुंजं. मग सरकारनं पेट्रोल भरमसाट महाग केलं, रॉकेलचीही किंमत वाढवली आणि त्याचा पुरवठा आखडला. आमच्या मते खरा मुद्दा इथं आहे. नियंत्रित भाव कागदावर राहतो, माल मात्र दुकानात नसतो. उरलेली किंमत मग दोन मार्गांनी वसूल होते : काळ्या बाजारात पैशानं किंवा रांगेत वेळानं. पैसा घरात नसेल तर वेळ द्यायचा. आणि तो वेळ कुणाचा? घरातल्या बाईचा, नाहीतर शाळा बुडवून डबा धरून उभ्या राहिलेल्या पोराचा. १९७४-७५मध्ये घाऊक किमती सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या, हे आकडेवारीत सापडतं. रांगेतले तास कुठल्याच निर्देशांकात धरलेले नाहीत.

घरात काय बदललं? डाळ आधीपासून भिजत घालायची. भात-भाजी-आमटी एकापाठोपाठ उरकायची, स्टोव्ह दोनदा पेटवायचा नाही. चहा दुसऱ्यांदा मागणाऱ्या पाहुण्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं जायचं. आणि भुशाची शेगडी! वखारीतून लाकडाचा भुसा आणायचा, पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती तो ठासून भरायचा, मग बाटली अलगद काढायची. खालच्या भोकातून पेटवलं की तासन् तास धग राहते. स्वस्त खरी, पण धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. रॉकेलची बचत झाली असं आपण सहज म्हणतो. ती अशी झाली.

यावर बायका गप्प बसल्या नाहीत. १९७२च्या दुष्काळातच मुंबईत महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली होती. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी. एरवी दोघींच्या पक्षांचं फारसं जमत नसे. धान्य, साखर, गोडेतेल आणि रॉकेल या प्रश्नांवर मात्र त्या एका मोर्चात. हातात लाटणी, थाळ्यांचा गजर. काही पुरुष पत्रकारांना त्याची गंमत वाटली असेल. पण ज्या बायका कधी सभेला गेल्या नव्हत्या, त्या मंत्र्यांना घेराव घालू लागल्या. रांगेत रोज भेटणाऱ्या बायकांची वेगळी बैठक बोलवावी लागत नाही, ती आधीच भरलेली असते.

गंमत बघा, याच धामधुमीत, फेब्रुवारी १९७४मध्ये, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात ‘सागरसम्राट’ला तेल लागलं. बॉम्बे हाय. प्रत्यक्ष उत्पादन १९७६मध्ये सुरू झालं. तोवर डबे रांगेतच होते.

या काळाबद्दल सरकारी अहवाल भरपूर आहेत, घरचे कागद फार थोडे. तुमच्याकडे त्या वर्षांचं रेशनकार्ड किंवा हिशेबाची वही असेल तर टाकू नका. त्यातल्या रॉकेलच्या नोंदी पुढच्या वेळी घेऊन या, तिथूनच सुरुवात करू.