मेस्त्रींची तालीम



मराठीतील ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. आपण तो सुतार-गवंड्यांना दिला; गोव्याच्या ख्रिस्ती गावांत मात्र चर्चच्या गायकवृंदाचा गुरूही मेस्त्रीच. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून तो मुलांना अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि स्वरलिपी शिकवीत असे. आज त्याच्या तालमीविषयी बोलावयाचे आहे.

तालीम असे सणाच्या मिसेची किंवा उपासकाळातील मोतेतांची. परंतु संगीताचे शिक्षणही तिच्यातच होई. वाद्य हाती येण्यापूर्वी ‘सोल्फा’ पक्का करावा लागे. हाताने ठोका द्यावयाचा आणि कागदावरील चिन्हे दो-रे-मी म्हणून गावयाची. आपला षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे हलतो. त्यांचा ‘दो’ एकाच जागी बांधलेला. दोन-तीन आवाजांत गाताना स्वरमेळ कानाला कळे. विरामाचे चिन्ह आले की गाणे थांबे, मोजणे थांबत नसे.

मजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. वडील चर्चचे मेस्त्री. व्हायोलिनचे पहिले धडे त्यांच्याकडेच. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ते नावाजले, प्यारेलाल यांना त्यांनी शिकविले आणि १९५८ मध्ये हिंदुस्थानी राग व पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणणारा वृंद उभारला. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात त्यांचे नाव आले, ते शिष्याने गुरूला केलेले वंदन होते.

आता माझी एक कबुली. मी प्राध्यापक असताना पठणस्पर्धेसाठी शार्दूलविक्रीडितातील श्लोक विद्यार्थ्यांकडून घोटून घेतले. बाराव्या अक्षरावर थांबा, एवढेच सांगितले. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, इथेच का?” “स्पर्धा परवा आहे,” असे म्हणून मी तिला गप्प केले. ढाल मिळाली. पुढे परीक्षेत अपरिचित श्लोकातील यती त्या गटातील एकालाही दाखविता आला नाही. एकोणीस अक्षरांचा चरण बारा आणि सात असा विभागतो, हे सांगावयास दोन मिनिटे पुरली असती. मेस्त्रींनी ती दिली असती.

स्नेहसंमेलनाच्या तालमीत एखादे मूल ‘का?’ असे विचारील, तेव्हा तालीम दोन मिनिटे थांबवावी, एवढीच या शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे.