अजिंठ्याच्या नकला आणि घरचीं छायाचित्रें

जळगांवाहून जवळ असलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचें काम ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं मद्रास फौजेंतील रॉबर्ट गिल यांजकडे सोंपविलें. लेण्यांच्या अंधारांत वर्षानुवर्षें खपून त्यांनीं भव्य रंगीत नकला तयार केल्या व त्या लंडनला धाडल्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथील क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथें मांडलेल्या बहुतेक नकला जळून गेल्या. प्रत्येकीची प्रत एकच होती.

गिल यांनीं पुढें छायाचित्रणहि आरंभिलें होतें. १८६४ सालीं फर्ग्युसन यांच्या शैलमंदिरांवरील ग्रंथांत त्यांचीं ७४ छायाचित्रें प्रसिद्ध झालीं. त्यांत रंग नव्हता, आकारहि लहान. परंतु पुस्तकाबरोबर तीं अनेक घरीं गेलीं, म्हणून एका आगीनें नाहींशीं होण्याजोगीं राहिलीं नाहींत.

आज धुळें-जळगांवच्या घरोघरीं मोबाइलवर छायाचित्रें निघतात व आप्तांस पाठवितांना लहान केलीं जातात. लांबी-रुंदी निम्मी केली कीं चित्रांतील सूक्ष्म बिंदु, म्हणजे पिक्सेल, चौथ्या हिश्श्यावर येतात. पुन्हां मोठें केल्यानें गेलेला बारकावा परत येत नाहीं. यास्तव लहान प्रत खुशाल वांटावी. मूळ चित्र मात्र पुसूं नये, आणि त्याची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी.

गिल १८७९ सालीं भुसावळजवळ वारले. त्यांचें थडगें भुसावळास आहे.